खोक्यातले कपाट

वांगणी आणि नेरळ यांच्या मधले शेलू स्टेशन तसे लहानसे. पण आता तिथे नव्या इमारती झाल्या आहेत, आणि आमच्या लेकीनेही तिथेच बिऱ्हाड थाटले आहे. नवरात्रात मी तिच्याकडे गेले, तेव्हा एक चपटे खोके येऊन पडले होते. आत खणांचे कपाट; म्हणजे फळ्या, स्क्रूंची पुडी आणि चित्रांचा कागद. शब्द एकही नाही!

"चित्रं आहेत ना आई, मग काय अवघड?" जावईबापूंनी बाह्या सरसावल्या.

दोन तासांनी कपाट उभे राहिले, पण खण आत जाईनात. चित्र काढले होते मागच्या बाजूने, आणि हे बसले होते पुढे. डावी फळी उजवीकडे गेली होती! सगळे उकलून पुन्हा जोडले. शेवटच्या चित्रात एक बारीकशी पट्टी भिंतीला लावलेली होती. ती शोभेची समजून पुडीतच राहिली. तिसऱ्या दिवशी नातवाने खालचा खण ओढून त्यावर पाय दिला आणि कपाट झुकले. मी शेजारीच होते म्हणून निभावले.

अशी कपाटे मुलांवर कोसळल्यामुळे २०१६ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलवावी लागली होती. एवढे मोल त्या पट्टीचे!

मग चित्रे वाईट का? मुळीच नाही. पुण्याच्या आयुकात पूर्वी मुलांना खेळणी शिकवत असलेले अरविंद गुप्ता आठवा. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून ते आकृत्या करायला शिकवत. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. जोडायचे कसे ते चित्रात दिसते. पण त्रिकोण का टिकतो, ते शब्दांनीच सांगावे लागते.

तेव्हा भगिनींनो, या दिवाळीत भाचरांना आकाशकंदिलाची कृती लिहून पाठवाल, तेव्हा एका चित्रात एकच काम दाखवा. करणारा जिथे बसतो तिथूनच चित्र काढा. आणि जिथे धोका आहे, तिथे स्पष्ट शब्दांत लिहा.

लेकीने त्या कागदावर शेवटच्या चित्राखाली निळ्या शाईने लिहून ठेवले आहे : "पट्टी भिंतीला लावल्याशिवाय खण बसवू नयेत. कपाट मुलावर पडेल."