कॅलिपरचं टूल विकत घेण्याआधी एकदा लेथवाल्याकडे जा



व्हिडिओत माझे हात दिसतात, हातांमागचा हिशोब दिसत नाही. म्हणून आजचा विषय लिहून सांगतो. विषय छोटा आहे. दुचाकीचा डिस्क ब्रेक कॅलिपर खोलला, नवीन सील टाकले, आता पिस्टन परत सरळ बसवायचा. त्यासाठीचं टूल बाजारातून आणायचं की बनवून घ्यायचं?

माझं मत: बनवून घ्या. आणि तुम्ही नवीन गॅरेज टाकणार असाल, तर बोर्ड रंगवायच्या आधी बनवून घ्या.

आधी काम समजून घेऊ, कारण काम कळल्याशिवाय टूल कळत नाही.

कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला वेगळी स्प्रिंग नसते. ते काम रबरी सील करतं. हे सील चौकोनी काटाचं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत थोडं पिळलं जातं. ब्रेक सोडला की सील मूळ आकाराला येतं आणि पिस्टनला जरासं मागे ओढतं. त्या जराशा मागे येण्यामुळेच पॅड डिस्कपासून सुटतं आणि चाक मोकळं फिरतं.

आता पिस्टन आणि बोअर यांच्यामधली फट फार कमी असते. पिस्टन तिरका शिरला तर तो बोअरच्या अॅल्युमिनियमला घासतो किंवा सीलची कड कापतो. मग एक तर ब्रेक ऑइल झिरपतं, नाही तर ब्रेक धरून बसतो, डिस्क तापते, अॅव्हरेज पडतं. घरातल्या जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ढकलून बघा. मध्येच अडकतो. जोर लावला तर अजून घट्ट अडकतो. पिस्टनचं तसंच आहे. तिथे जोर कमी पडत नसतो, जोराची जागा चुकलेली असते.

म्हणजे टूलचं काम एकच: दाब बरोबर मध्यावर आणि पूर्ण काठावर सारखा पडला पाहिजे.

बाजारात पिस्टन मागे दाबायचे सेट मिळतात. त्यातले बरेच कारसाठी असतात. काही तर मागच्या चाकाचा हँडब्रेकवाला पिस्टन फिरवत आत न्यायला बनवलेले असतात. दुचाकीच्या लहान कॅलिपरमध्ये त्यातले अर्धे तुकडे शिरतच नाहीत. पैसे गेले, पेटी कपाटावर, आणि पोरगा पुन्हा अंगठ्याने आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पिस्टन दाबतोय. हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल.

त्यापेक्षा हे करा. एक प्लग बनवून घ्या, म्हणजे जाड बुचासारखा गोल तुकडा. पिस्टन आतून पोकळ असतो आणि त्याचं उघडं तोंड पॅडच्या बाजूला असतं. प्लगचा पुढचा भाग त्या पोकळीत शिरला पाहिजे आणि खांदा पिस्टनच्या काठावर चहूबाजूंनी टेकला पाहिजे. मापं अशी ठेवा:

१. पुढचा भाग पिस्टनच्या आतल्या मापापेक्षा साधारण पाव मिलिमीटर बारीक. सहज आत जावा, पण डुगडुगू नये.

२. खांद्याचा व्यास पिस्टनच्या बाहेरच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर कमी, म्हणजे तो डस्ट सीलला लागणार नाही.

३. खांदा बारीक ठेवा, पाच-सहा मिलिमीटर. पिस्टन आणि समोरच्या नखीमध्ये जागा कमी असते. आधी जागा मोजा, मग आकडा ठरवा.

४. मागच्या बाजूला मधोमध उथळ खड्डा, ज्यात जी-क्लॅम्पची टाच बसेल. क्लॅम्प मध्यावरून सरकता कामा नये.

मटेरियल डेलरिन घ्या, नाही तर नायलॉन. नायलॉन ओलावा धरतं आणि थोडं फुगतं, म्हणून डेलरिन बरं. लोखंड नको, हातातून निसटलं तर पिस्टनच्या क्रोमवर ओरखडा.

लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुढचा भाग आणि खांद्याची टेकणारी बाजू एकाच पकडीत काढायची. जॉब चकमधून काढून, उलटा करून पुन्हा पकडला तर दोन्ही एकमेकांना काटकोनात राहतीलच असं नाही. आणि काटकोन गेला तर आपलं टूलच पिस्टन तिरका घालायला शिकवेल.

वापरायची पद्धतही साधी आहे. बोअर आणि खाच स्वच्छ, सील नवीन. सीलला आणि पिस्टनला त्याच ग्रेडचं ताजं ब्रेक ऑइल, जी ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेली असते. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस सीलला लावायचं नाही, रबर फुगतं. आतली हवा बाहेर पडावी म्हणून ब्लीडर निपल मोकळा ठेवा. पिस्टन आधी बोटांनी तोंडाशी सरळ धरा, प्लग लावा, क्लॅम्प हळू आवळा. थोडा आत गेला की थांबा. पिस्टनच्या काठापासून कॅलिपरच्या मशीन केलेल्या तोंडापर्यंत व्हर्निअरने चार जागी माप घ्या. चारही सारखी आली तर पुढे. फरक दिसला तर जोर लावायचा नाही. पिस्टन बाहेर, सील पुन्हा तपासायचं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माझ्याकडे ट्रेनिंगला येणारी बरीच मुलं म्हणतात, "सर, चांगला मिस्त्री मिळाला की धंदा सेट." मी म्हणतो, मग तो धंदा मिस्त्रीचा झाला, तुमचा कुठे? जुन्या मिस्त्रीला टूल लागत नाही हे खरं आहे. त्याच्या बोटांना पिस्टन तिरका जातोय हे कळतं. त्या कसबाचा मला आदर आहे. पण तो गावाला गेला, आजारी पडला किंवा समोरच्या गल्लीत त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं, तर ते कसब त्याच्यासोबत जातं. प्लग मात्र तुमच्या फळीवर राहतो. सहा महिन्यांचा पोरगा त्या प्लगने आणि चार मापांनी काम बरोबर करू शकतो, आणि झालेलं काम बरोबर आहे की नाही हे तुम्ही बाजूला उभं राहून तपासू शकता.

आपल्या शहराला हे नवीन सांगायला नको. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच वाळूजमध्ये एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकीचे डिस्क ब्रेक बनवते. संभाजीनगरात अशी किती घरं आहेत, जिथला एक तरी माणूस कंपनीत फिक्स्चरवर काम करतो! पार्ट उलटा बसूच शकणार नाही अशी रचना तो रोज वापरतो. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात या विचाराची पद्धत मांडली. 'पोका-योके' हा शब्द आपल्या शॉप फ्लोअरवर आठवी पास माणसालाही माहीत असतो. आणि तोच माणूस गॅरेज टाकतो तेव्हा सगळं अंदाजपंचे! कंपनीची शिस्त गेटवरच सोडून येतो. माझी तक्रार आहे ती इथे.

हिशोब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा तीन मापांचे प्लग आणि एक बरा जी-क्लॅम्प मिळून १,५०० रुपये लागले. एक काम परत आलं तर नवीन सील किट, ब्रेक ऑइल आणि फुकट गेलेली मजुरी धरून ५०० रुपये जातात. तीन कामं परत यायची थांबली की टूल फुकटात पडलं. बीबीएला आम्हाला फिक्स्ड कॉस्ट, व्हेरिएबल कॉस्ट शिकवली. गॅरेजमध्ये सगळ्यात महाग कॉस्ट असते परत आलेल्या कामाची, आणि ती कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. परत आलेलं गिऱ्हाईक निदान भांडतं तरी. न आलेलं गिऱ्हाईक चार जणांना सांगतं.

आणि काम वाढणारच आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्या आता जुन्या होऊन आपल्या दारात येतायत. त्यांचं ब्लीडिंग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायचं.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. टूल हातात आलं म्हणून प्रत्येक कॅलिपर वाचवायचा नसतो. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील, क्रोम उडालेलं असेल, बोअरला ओरखडा असेल, तर तो पार्ट बदला. बोअरला पॉलिश पेपर मारून "चालतंय" म्हणू नका. जुने सील धुऊन परत टाकू नका. काम झाल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत दाबून, गळती बघून, आधी कमी स्पीडला ट्रायल घेतल्याशिवाय गाडी द्यायची नाही. सीट कव्हर फाटलं तर गिऱ्हाईक हसून सोडून देईल. ब्रेकला दुसरा चान्स नसतो. त्या गाडीवर मागे कुणाची तरी मुलगी शाळेचं दप्तर घेऊन बसलेली असते. "स्वस्तात करून दे" म्हणणाऱ्याला "हे काम मी करणार नाही" म्हणता आलं पाहिजे. तोही धंद्याचाच भाग आहे.

काही जण विचारतील, हे प्लग बनवून विकता येतील का? येतील. पण आधी स्वतःच्या गॅरेजमध्ये पन्नास कॅलिपर त्यावर करा. कुठे अडतं, कुठल्या मापाला जागा कमी पडते, वहीत लिहा. मग तीन मापांची पेटी करा, प्रत्येक प्लगवर माप कोरा आणि तो कशासाठी वापरायचा नाही हेही लिहून द्या. टूल बनवणं नीट शिकायचं असेल, तर चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था. पुण्याला जायची गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या तीन गाड्यांची यादी करा. त्यांच्या पिस्टनचं आतलं आणि बाहेरचं माप व्हर्निअरने घ्या आणि कागदावर हाताने चित्र काढा. तो कागद घेऊन लेथवाल्याकडे जा. सुबक नसलं तरी चालेल, आकडे बरोबर पाहिजेत. पहिला प्लग एकाच गाडीचा करा, तो नीट बसला की मग बाकीचे दोन.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम सरळ, हिशोब सरळ.