नऊ सामने जिंकले, तरी नापास

मंडळी, मागच्या महिन्यात क्रिकेटवर लिहिलं तेव्हा दोघा-तिघांनी कळवलं, 'अमेरिकेत तीन वर्षं राहून आलास, तिथल्या खेळावर लिही की.' म्हणून आज फुटबॉल. तोही तिथला, ज्यात पायाचं काम कमी आणि हाताचं, खांद्याचं जास्त. शिवाय कॉलेजचा. कॉलेजचा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे इंजिनिअरिंगचं गॅदरिंग आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली वीस पोरं येतात. तसं काही नाही.

२०१९ ते २०२२ मी ओमाहाला होतो. ओमाहा नेब्रास्का राज्यात येतं. मका, गाईगुरं, विमा कंपन्या आणि वारा. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्यापेक्षाही कमी. व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. आहे तो लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा संघ. त्याचं स्टेडियम ८५,००० च्या वर माणसं घेतं आणि सामन्याच्या दिवशी ते राज्यातलं तिसरं मोठं 'शहर' होतं. नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपली आहेत. सीझनची तिकिटं घराण्यात चालत येतात, आपल्याकडे शेत यावं तशी.

माझ्या टीम लीडकडे अशी दोन होती, त्याची आणि त्याच्या वडिलांची. वडील २०२० मध्ये गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मिशिगनविरुद्धच्या सामन्याला त्याने मला विचारलं, 'बाबांच्या जागेवर बसशील?' नाही कसं म्हणणार? ऑफिसातल्या एकाकडून लाल जॅकेट उसनं घेतलं आणि गेलो.

त्या रात्री मध्यंतरापर्यंत नेब्रास्काचा एकही गुण नव्हता. मग संघ असा उसळला की मीसुद्धा घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटची काही मिनिटं उरली असताना २९-२९, चेंडू आपल्याकडे (हो, एव्हाना 'आपल्याकडे' झालं होतं). आणि आपल्या क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू ओढून काढला गेला. ३२-२९, हरलो. माझ्या आजूबाजूला कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोक शांतपणे ब्लँकेटं घडी करत होते. हरायची सवय झालेलं घर कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. त्या वर्षी संघ ३ सामने जिंकला, ९ हरला आणि ते नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी झाले.

आता याच संघाचा इतिहास बघा. १९६९ ते २००१, सलग ३३ सीझन, दरवर्षी निदान नऊ विजय. राष्ट्रीय विजेतेपदं पाच. १९७० आणि १९७१ ची बॉब डेव्हनी प्रशिक्षक असताना, तर १९९४, १९९५ आणि १९९७ ची टॉम ऑस्बर्नच्या हाताखाली.

ऑस्बर्नची गोष्ट मला फार आवडते. १९७३ ला हा माणूस मुख्य प्रशिक्षक झाला. दरवर्षी नऊ-दहा-अकरा सामने जिंकायचा, पण विजेतेपद नाही. लोक म्हणायचे, मोठा सामना याला जिंकता येत नाही. जानेवारी १९८४ मध्ये मायामीविरुद्ध अंतिम क्षणी ३१-३० अशी पिछाडी होती. एक साधी किक मारून बरोबरी साधली असती तर विजेतेपद जवळजवळ खिशात होतं. हे म्हणाले, बरोबरी नको, जिंकायचंय. दोन गुणांसाठी पास टाकला, तो अडवला गेला, हरले. एवढं होऊनही त्यांना कोणी काढलं नाही. पहिलं विजेतेपद आलं बाविसाव्या सीझनमध्ये! मी आयटीत आहे, आमच्याकडे बावीस महिने दिले तरी खूप.

सगळं सोज्वळ होतं असंही समजू नका. १९९५ मध्ये एका खेळाडूने माजी मैत्रिणीला मारहाण केली, त्याला बाहेर बसवलं आणि त्याच सीझनमध्ये परत घेतलं. ऑस्बर्नवर तेव्हा खूप टीका झाली आणि ती योग्य होती असं मला वाटतं.

पण एवढं लहान राज्य जिंकत होतं कशाच्या जोरावर? एक म्हणजे १९६९ मध्येच त्यांनी ताकदीच्या व्यायामासाठी बॉइड एप्ले नावाचा पूर्णवेळ प्रशिक्षक ठेवला. तेव्हा बाकीचे प्रशिक्षक वजनं उचलायला घाबरायचे, म्हणे खेळाडू जड होतात. दुसरं, शिष्यवृत्ती नसतानाही संघात येऊन घाम गाळणारी गावोगावची शेतकऱ्यांची पोरं. तिसरं, 'ऑप्शन' नावाची धावण्याची पद्धत: चेंडू स्वतः घेऊन पळायचं की दुसऱ्याकडे द्यायचा हे क्वार्टरबॅकने पळता पळता समोरच्याला बघून ठरवायचं. वर्षानुवर्षं तेच घोटलेलं, त्यामुळे समोरच्याला माहीत असूनही थांबवता येत नसे.

हे सगळं हळूहळू झिजलं. व्यायामशाळा सगळ्यांनी बांधल्या. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने टीव्हीवरची मक्तेदारी सुटली आणि पुढे कुठल्याही कॉलेजचा सामना घरोघर दिसू लागला. मग टेक्सासच्या किंवा फ्लोरिडाच्या पोराने बर्फात कशाला यावं? शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९७३ मध्ये १०५ होती, ती १९९४ पर्यंत ८५ वर आली. २०११ मध्ये गट बदलला, पैसा वाढला, पण टेक्सासशी जुनं नातं सुटलं.

ही कारणं खरीच आहेत. तरी घसरण वेगळी आणि कोसळणं वेगळं, आणि कोसळणं घरच्यांनी ओढवून घेतलं असं माझं मत आहे. ऑस्बर्ननंतर फ्रँक सोलिच आले, त्यांच्याच तालमीतले. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००२ वाईट गेलं, मान्य. २००३ मध्ये ९ जिंकले, ३ हरले आणि शेवटचा सामना जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना काढलं. कारण, नऊ म्हणजे सुमार. नवे प्रशिक्षक व्यावसायिक फुटबॉलमधून आले, ऑप्शन गुंडाळून ठेवलं आणि २००४ मध्ये १९६१ नंतर पहिल्यांदा पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. पुढे बो पेलिनी यांनी सात वर्षं दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. त्यांनाही २०१४ मध्ये काढलं, नऊ विजयांवर! त्यानंतर २०२४ पर्यंत नऊचा आकडा एकदाच, २०१६ मध्ये, दिसला.

मग घरचा मुलगा आणला. स्कॉट फ्रॉस्ट, त्याच राज्यातला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. विमानतळापासून गल्लीपर्यंत आनंदीआनंद. १६ विजय, ३१ पराभव. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यालाही काढलं, तेव्हा मी परतीच्या बॅगा भरत होतो.

आपल्या इंदूरकरांना हे नवं वाटू नये. होळकर संघाने १९४५ ते १९५३ मध्ये चार वेळा रणजी जिंकली. संस्थान गेलं, संघही गेला. मग मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मुंबईला हरवून करंडक आणला, तो चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना. १९९९ ची अंतिम लढत ते त्याच बंगळुरूच्या मैदानावर कर्णधार म्हणून हरले होते. घरी माझे आजोबा असते तर पोहे थंड होईपर्यंत सी. के. नायडूंच्या गोष्टी ऐकवल्या असत्या.

मिशिगनच्या रात्री परत येताना गाडीत टीम लीड बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'सोलिचना काढलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मी टाळ्या वाजवल्या. बाबा इतके चिडले की आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, तुला नऊ सामने जिंकणं म्हणजे काय ते माहीतच नाही, तू कधी हरलेलं पाहिलं नाहीस. मी त्यांना जुनाट म्हणालो.' थोड्या वेळाने म्हणाला, 'नंतर ते बरोबर ठरले, पण एकदाही बोलून दाखवलं नाही. दर शनिवारी शेजारी बसायचे आणि मला खायला घेऊन द्यायचे.' मी काय बोलणार? हायवेवर पुढे लाल झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग होती.

आम्ही अजून संपर्कात असतो. डिसेंबर २०२४ मध्ये संघाने बोस्टन कॉलेजला २०-१५ असं हरवून मोसमानंतरचा बोल सामना जिंकला आणि वर्षाचा हिशेब ७-६ झाला, तेव्हा रात्री त्याचा मेसेज आला: सात! पुढे उद्गारचिन्हांची माळ. एकेकाळी ज्या घरात नऊवर नाक मुरडलं गेलं होतं त्याच घरातून.

वडिलांच्या जागेवर आता त्याची मुलगी बसते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच स्टेडियमच्या मधोमध कोर्ट घालून विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना झाला, ९२,००३ लोक आले. त्या संघाकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. तिने आयुष्यात पहिला सामना तिथे पाहिला तो हाच. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला विचारलं, 'ते फुटबॉलवाले आमच्या स्टेडियममध्ये का खेळतात?' मागून बापाच्या हसण्याचा आवाज आला, पण उत्तर काही त्याने दिलं नाही.