स्वप्न आमचे, अर्थ सांगणारे ते कोण?

आरमोरीच्या आठवडी बाजारात मिरची-मसाल्याच्या रांगेला लागून एक ताडपत्री अंथरलेली असते. तिच्यावर पंचांग, व्रतकथा, राशीभविष्य आणि कोणते स्वप्न पडले तर काय फळ मिळते हे सांगणाऱ्या पातळ पुस्तिका मांडलेल्या असतात. या पुस्तिका घेतो तरी कोण, हे आम्ही एका बाजाराला उभे राहून पाहिले. घेणाऱ्यांत आपले बांधवही होते. घरावर पंचशील ध्वज, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि उशाखाली स्वप्नफळ! म्हणून हा विषय आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी घेतलेला नाही, आपल्याच घरासाठी घेतला आहे.

पुस्तिका काय सांगते? दात पडलेले दिसले तर घरातले माणूस जाणार. लग्न दिसले तर वाईट बातमी येणार. साप दिसला तर धन मिळणार. हत्ती दिसला तर लक्ष्मी येणार. वारलेला बाप जेवायला मागताना दिसला तर पितर अतृप्त आहेत, शांती करा. ज्या बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यांच्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. समोरच्या दाराने बाहेर काढलेले श्राद्ध असे स्वप्नाच्या खिडकीतून पुन्हा घरात शिरते.

हत्तीचेच घ्या. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला. पुढे कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी या भागांतील धानाच्या बांध्या त्याने तुडवल्या. आमच्या ओळखीची एक म्हातारी माय सांगते, "बाबू, रातच्याला हत्ती माह्या मागं धावते, अन् पाय काही उचलत नाही." पुस्तिका तिला म्हणते, लक्ष्मी येणार! जिच्या हातातोंडाशी आलेला धान गेला, तिच्या भीतीला लक्ष्मी म्हणणे ही थट्टा नाही तर काय?

त्या मायचे पाय का उचलत नाहीत, याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक काळाने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात. ठळक स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. या वेळी मेंदू जागा असल्यासारखा काम करतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि शरीर मागे राहते. माणसाला हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. आपल्याकडे लगेच म्हणतात, भूत बसले. नाही तर, अमकीने करणी केली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 1958 मध्ये अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांच्या स्वप्नांची तुलना प्रसिद्ध झाली. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा; तरी कोणी मागे लागणे, उंचावरून पडणे, शाळा-अभ्यास, एकच काम पुन्हा पुन्हा करूनही न जमणे ही स्वप्ने दोन्हीकडे सारखीच निघाली. मग आम्ही विचारतो, दात पडण्याचे स्वप्न ब्राह्मणाला वेगळे आणि महाराला वेगळे पडते काय? झोपेत माणूस फक्त माणूस असतो. जातीचा उतरंडीचा धंदा तो जागा झाल्यावर सुरू होतो.

मग स्वप्नांना अर्थच नाही काय? अर्थ आहे. पण तो उद्याचा नाही, कालचा आणि आजचा आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उत्तर इराकमधील अत्याचार सोसलेल्या कुर्द मुलांच्या स्वप्नांत सुरक्षित वाढलेल्या फिनलंडच्या मुलांपेक्षा संकटे अधिक आणि अधिक भयंकर आढळली. शार्लोट बेराट या पत्रकार बाईंनी हिटलरच्या राजवटीत 1933 पासून बर्लिनमधील लोकांची स्वप्ने गुपचूप लिहून ठेवली. 1966 मध्ये त्यांचे पुस्तक आले. हुकूमशाही माणसाच्या झोपेतही कशी शिरते, हे त्यातून जगाला कळले. 2022 मध्ये वडसा-ब्रह्मपुरी-भंडारा पट्ट्यात 13 माणसांचा बळी घेणारा वाघ ऑक्टोबरमध्ये पकडला गेला. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला जंगलात जाणाऱ्या बाईच्या स्वप्नात वाघ येतो, तो कुठल्या ग्रहामुळे येत नाही. तो कालच्या वाटेवरून येतो.

आता कोणी म्हणेल, खुद्द महामायेलाही स्वप्न पडले होते. होय, पडले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती कथा सांगितली आहे आणि अर्थ लावण्यासाठी शुद्धोदनाने आठ ब्राह्मणांना बोलावले, हेही सांगितले आहे. राजाच्या घरातही अर्थ सांगायला बाहेरचे लागले! पण त्याच घरात जन्मलेल्या पुत्राने पुढे काय शिकवले? दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात शकुन, अंगलक्षणे, ग्रहताऱ्यांचे भविष्य यांच्या जोडीला स्वप्नांचे फळ सांगून पोट भरणे ही हीन विद्या ठरवली आहे. मिलिंदप्रश्नात स्वप्नांची सहा कारणे येतात. त्यांत वात, पित्त, कफ म्हणजे शरीराची अवस्था आहे आणि माणसाचा नेहमीचा अनुभव आहे. देवता आणि पूर्वसूचना ही उरलेली दोन कारणेही त्यात आहेत; ती आम्ही स्वीकारत नाही. ग्रंथ आपला असला तरी बुद्धीला पटेल तेवढेच घ्यायचे, हीच धम्माची शिकवण आहे.

हा केवळ वादाचा विषय असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. इथे माणसे मरतात. आपल्या भागात जमिनीवर झोपणारे पुष्कळ. मण्यार रात्री फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखते म्हणून. 'स्वप्नात साप चावला' असे तो म्हणतो आणि घरचे त्याला पुजाऱ्याकडे नेतात. पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, श्वास कोंडतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. असे कोणी म्हणाले की अर्थ विचारू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरचे औषध तिथे आहे, मंत्रात नाही.

आणि करणीचा संशय कुठवर जातो? ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे दलित कुटुंबांतील स्त्री-पुरुषांना, वृद्धांनाही, भर चौकात बांधून मारले गेले. 1 मे 2024 रोजी एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात 6 महिने ते 7 वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती उशाशी असते. ती उशाशीच मोडली पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. सकाळी लेकराने वाईट स्वप्न सांगितले तर पुस्तिका उघडू नका. त्याला शाळेत कोण मारते, कोण हिणवते, ते विचारा. ताप असेल तर रक्त तपासा, आपला जिल्हा हिवतापाचा आहे. हत्ती स्वप्नात आला तर शांती करू नका. वनविभागात भरपाईचा अर्ज करा, एकट्याने नव्हे तर गावाने मिळून करा. वारलेला बाप दिसला तर तो उपाशी नाही, तुम्हांला त्याची आठवण येते आहे. त्याने अर्धवट सोडलेले काम पूर्ण करा. आणि बुद्धविहारातील रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी ठेवा. बायाबापड्यांना आपली स्वप्ने मोकळेपणाने सांगू द्या. त्यांतून गावाचे दुखणे जितके कळेल तितके कुठल्याही पंचांगातून कळणार नाही.

हजारो वर्षे आमच्या जगण्याचा अर्थ दुसऱ्यांनी सांगितला. बाबासाहेबांनी तो अधिकार आमच्या हाती दिला. निदान आमच्या झोपेचा अर्थ तरी आता वीस रुपयांच्या पुस्तिकेकडे गहाण नको!

जय भीम!