ग्राहकाचा वाली कोण ?

मोबाईलच्या धंद्यांत चढाओढ असली म्हणजे ग्राहकाचें हित आपोआप साधतें, तेथें नियंत्रणाची लुडबूड नको, असें प्रतिपादणारा एक वर्ग आपल्यांत आहे. ‘दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण त्यास पुरेशी वाटते. भांडण मिटल्यावर तिसऱ्याचें काय होतें, हें मात्र ती म्हण सांगत नाहीं.

लाभ झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. २०१६ सालीं जिओ बाजारांत उतरल्यावर दर कोसळले. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगारासही घरच्यांशीं रोज बोलणें परवडूं लागलें. परंतु त्याच झुंजींत पुष्कळ स्पर्धक नामशेष झाले. २०१८ सालीं व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. आज मैदानांत तीन खासगी कंपन्या व सरकारी बीएसएनएल एवढ्याच उरल्या आहेत. जुलै २०२४ च्या ३ व ४ तारखांस तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढलेले दर लागू झाले. दर ठरविण्यास कंपन्या बहुतांशीं मोकळ्या आहेत. नियामकास ते कळविले म्हणजे झालें.

‘पटत नसेल तर कंपनी बदला, २०११ पासून क्रमांक कायम राखण्याची सोय आहेच,’ असें यावर उत्तर मिळतें. तिघांनींही दर वाढविल्यावर बदलून जावयाचें कोठें ? आणि पालघर जिल्ह्यांतील ज्या पाड्यावर एकाच कंपनीचा मनोरा पोंचतो, तेथील माणसानें निवड ती कशाची करावी ?

१९९७ सालीं स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, तुटलेल्या संभाषणामागें एक रुपया, दिवसास फार तर तीन, अशी भरपाई २०१५ सालीं ठरविली होती. मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. एकट्यादुकट्याची तक्रार प्राधिकरण सोडवीत नाहीं. ती कंपनीकडेच करावयाची, आणि अपील ऐकणारा अधिकारीही त्याच कंपनीनें नेमलेला! ग्राहक आयोगाचें दार उघडें असल्याचा निर्वाळा २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला खरा. पण चार रुपयांसाठीं रोजची मजुरी बुडवून तें ठोठावणार कोण?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भरपाई देवविण्याचा निःसंदिग्ध अधिकार संसदेनें कायद्यानें नियामकास द्यावा, आणि अपील कंपनीबाहेरील त्रयस्थापुढें चालावें. ज्या आखाड्यांत पंचाच्या हातीं बळ नाहीं, तेथील कुस्ती कितीही रंगली, तरी तिकिटाचे पैसे भरणाऱ्याच्या पदरीं न्याय पडत नाहीं.