‘मला चढत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या जुन्नर-आंबेगावात दारू पिणारा माणूस औषधालाही सापडत नाही. जो तो ‘थोडी घेतो’. परमिट रूममधला कंपनीसाठी घेतो, मळ्यातला अंग दुखतं म्हणून घेतो आणि माळशेजला पाऊस बघायला आलेले पुणेकर एन्जॉय करतात. दारुडा फक्त एकच, ओढ्याकाठी हातभट्टीचा फुगा फोडणारा. (त्या फुग्यात मिथेनॉल निघालं तर गोष्टच वेगळी. 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली.)

ही उतरंड राज्यकर्त्यांनाही मानवते. 27 जानेवारी 2022ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असं संजय राऊतांनी सांगून टाकलं. द्राक्षवाल्या शेतकऱ्याचं भलं होईल म्हणे. द्राक्षं आमच्याकडेही आहेत, शामराव चौगुल्यांनी तर 1980च्या दशकात नारायणगावलाच वायनरी उभारली. भलं होवो, माझी ना नाही. पण हिशेब करा. 12 टक्क्यांच्या वाईनची 750 मिलीची बाटली म्हणजे सुमारे 71 ग्रॅम अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे सुमारे 61 ग्रॅम. आता सांगा, दारू कोणती?

लेबल वाचायला आतड्याला डोळे नाहीत. थोडं अल्कोहोल जठरातून आणि बरंचसं लहान आतड्यातून थेट रक्तात उतरतं. पोट भरलेलं असेल तर जरा उशिरा, एवढंच. चकण्याची पुण्याई तेवढीच. तिथून ते मेंदूत जातं, शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवतं आणि जागं ठेवणाऱ्या ग्लुटामेटचा आवाज दाबतं. आधी झोपतो तो आवर घालणारा भाग. म्हणून भावकीतली वीस वर्षांची बांधाची भांडणं दुसऱ्या पेगला उकरली जातात. लोक याला तरतरी म्हणतात! मग छोट्या मेंदूची पाळी. आळेफाट्याच्या एका ढाब्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उकडलेलं अंडं सोलत होते. कवच बशीत टाकायचं, तर दर वेळी बशीच्या अलीकडे पडत होतं. शेवटी अंडंच टेबलाखाली गेलं. ‘आपल्याला काय होत नाय,’ असं म्हणत ते उठले आणि खिशात गाडीची किल्ली शोधू लागले.

अंगात ऊब येते, हाही तसलाच भास. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. माळशेजच्या धुक्यात भिजत बाटली तोंडाला लावणारा गरम होत नसतो, गार पडत असतो.

खरी मेहनत यकृताची. ते अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, हे त्याहून विषारी, आणि मग ॲसिटेट. वेग साधारण तासाला सात-आठ ग्रॅम. लिंबू पिळा, ताक प्या, डोक्यावर बादली ओता, काळी कॉफी ढोसा, वेग तोच. म्हणजे एका क्वार्टरला जवळजवळ आठ तास. रात्री दहाला ती रिकामी करणारा 65 किलोचा माणूस पहाटे चारला टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप काढतो, तेव्हा साध्या हिशेबाने तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 185च्या मर्यादेबाहेरच असतो. ही मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. त्याला वाटतं, झोप झाली, उतरली.

आता राहिले ‘मला चढत नाही’वाले, या भागातले सगळ्यात मानाचे पाहुणे. अहो, चढत नाही म्हणजे मेंदू दारूला सरावला. रक्तातली दारू तेवढीच आहे आणि यकृताची झीजही तेवढीच. सरावलेल्या मेंदूला ती सकाळी मिळाली नाही की हात थरथरतात, मग ‘उतारा’ लागतो. ही मर्दानगी नव्हे, आजार आहे. आणि अशाने एका झटक्यात सोडायचीही नसते. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. देवळात शपथ घालण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या.

आणि ज्यांनी काल रात्री ‘थोडी’ घेतली, त्यांनी आज पिकअपची किल्ली दुसऱ्याला द्या. परत मागायची ती दुपारी.