विश्लेषण : मालवणचा पुतळा वाऱ्याने पडला की घाईने?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचे अनावरण केले होते. म्हणजे पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्यामुळे तो पडला, असे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. कोकणात पावसाळ्यात असा वारा सुटणे ही काही बातमी नव्हे. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा तट समोरच भर समुद्रात आजही लाटा झेलत उभा आहे.

जबाबदारी कोणाची?

पुतळा उभारला नौदलाने, पैसा राज्य सरकारचा. परवानगी कला संचालनालयाची, पण ती सहा फुटी मातीच्या मॉडेलला दिली होती आणि प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार हे कळवलेच नाही, असे कला संचालकांनी नंतर सांगितले. इतके हात लागले की पुतळा पडल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता आले.

सर्वांत बोलका कागद सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. नट-बोल्ट गंजले असून पुतळा विद्रूप दिसत आहे, कायमस्वरूपी उपाय करावा, असे पत्र विभागाने २० ऑगस्टला नौदलाला पाठवले. सहाच दिवसांनी पुतळा खाली आला. गंज दिसला होता. पण चिंता होती ती पुतळा कसा दिसतो याची, तो उभा राहील का याची नव्हे.

मग दोष वाऱ्याचा कसा?

खाऱ्या हवेत लोखंड गंजते, हे मालवणात होडी दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक असते. आधी मॉडेल, मग साचा, ओतकाम, आतला सांगाडा, जोडणी. ही कामे सोहळ्याची तारीख बघून उरकता येत नाहीत. इथे तारीख मात्र पक्की होती.

शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली. ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी माफी मागितली. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. पहिल्या पुतळ्याच्या वेळी सोहळ्याआधी सांगाड्याची तपासणी कोणी केली, कोणाच्या सहीने केली, हे मात्र त्या चौथऱ्यापाशी जाणाऱ्या पर्यटकाला आजही कोणी सांगत नाही.