वर्दी उतरवण्याआधी

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते. ज्या घरातला माणूस सैन्यात आहे, त्या घराला मात्र आधी आठवते ती छावणी. अहिल्यानगरला रणगाड्याचे शिक्षण घेतलेली आपली मुले पुढे झाशीत किंवा तिथून जवळच असलेल्या बबिन्यात बदलून येतात. पुणे-जम्मू झेलम एक्सप्रेस ही त्यांची हक्काची गाडी. अशा क्वार्टरमधल्या संसारात नोकरीची चौदा-पंधरा वर्षे भरत आली की एक प्रश्न रोज जेवताना निघू लागतो: अजून राहायचे, की पेन्शन घेऊन घरी जायचे?

बहुतेक घरांत हा प्रश्न नीट सोडवला जात नाही. कधी रजा नाकारली म्हणून रागाच्या भरात अर्ज लिहिला जातो. कधी गावाकडचा मित्र म्हणतो, ‘ये, मिळून धंदा टाकू.’ कधी बाहेरच्या जगाची भीती वाटते, म्हणून निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. राग, भिडस्तपणा आणि भीती हे तिन्ही वाईट सल्लागार.

झाशीतलेच एक घर पाहा. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचे. त्यांचे वडील सैन्यात होते. त्यांच्या सततच्या बदल्यांमुळे ध्यानचंद यांचे शिक्षण सहा इयत्तांच्या पुढे गेले नाही. कुटुंब झाशीला स्थिरावले आणि १९२२ साली ते स्वतः शिपाई म्हणून भरती झाले. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके त्यांनी वर्दीत असतानाच मिळवली. तरीही शिपायाचा अधिकारी व्हायला त्यांना एकवीस वर्षे लागली. ३४ वर्षे नोकरी करून १९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळाच्या क्रीडा संस्थेत त्यांनी प्रशिक्षकाचे काम केले. पण मोठे कुटुंब आणि तुटपुंजे उत्पन्न यांमुळे उतारवय ओढाताणीत गेले. १९७९ च्या डिसेंबरात ते वारले, अंत्यसंस्कार झाशीच्याच मैदानावर झाले.

त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत गेले. मुलगा अशोककुमार यांनी मात्र वर्दी घातली नाही. ते इंडियन एअरलाइन्सच्या नोकरीत राहून हॉकी खेळले आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल त्यांनीच केला. ध्यानचंद सैन्यात राहिले हे चुकले असे कोण म्हणेल? पण जगभर नाव झालेल्या माणसालाही निवृत्तीनंतरच्या घरखर्चाची चिंता सुटली नाही, तर तुमच्या-आमच्या घराने तो हिशेब आधी करायलाच हवा.

हिशेब कसा करायचा?

पहिला आकडा १५. जवानाला पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. त्याआधी स्वतःच्या अर्जावर बाहेर पडलात तर पेन्शन नाही, आणि ‘माजी सैनिक’ म्हणून मिळणाऱ्या सवलतीही हातच्या जातात. तेव्हा तेराव्या-चौदाव्या वर्षी कितीही मन उठले, तरी पंधरा पुरी करावीत हेच शहाणपण.

खरा पेच त्यानंतरचा. शिपायाची मूळ मुदत १७ वर्षे, नाइकाची २२, हवालदाराची २४. त्यावर पात्र ठरल्यास दोन वर्षांची वाढ मिळते. वयाची मर्यादा आधी आली तर तीच लागू. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. म्हणजे पुढची बढती जवळ असेल, त्यासाठीचा कोर्स पास झालेला असेल, तर थांबण्यात दुहेरी फायदा आहे: आज पगार वाढतो आणि उद्या पेन्शन. बढतीची आशाच नसेल, तर नुसते दिवस ढकलण्यासाठी थांबणे महागात पडते. कारण बाहेरच्या नोकरीत वय मोजले जाते.

आता मुलांची वये त्या हिशेबाशेजारी मांडा. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पंधरा वर्षांनी चौतिशीत येतो. तेव्हा त्याची मुले साधारण तिसरी-चौथीत असतात. गावी आल्यावर हिंदीतून शिकलेली मुले मराठी शाळेत अजून रुळू शकतात आणि वडिलांच्या हाताशी दुसऱ्या नोकरीची वीस-पंचवीस वर्षे उरतात. तोच हवालदार होऊन चोवीस वर्षांनी घरी आला, तर तो त्रेचाळिशीत आणि मोठे मूल बारावीत. ऐन कॉलेजच्या खर्चाच्या वेळी पगार निम्म्यावर येतो. पण तोपर्यंत मुलांना केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी स्कूलचा आधार मिळालेला असतो. कोणता मार्ग बरा, हे घराघरावर अवलंबून आहे. तारखा कागदावर मांडल्या की निम्मे उत्तर आपोआप दिसते.

बाहेर काय आहे?

केंद्र सरकारच्या ‘क’ गटात माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. महाराष्ट्र सरकारच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांत १५ टक्के. सरकारी बँकांत कारकुनांच्या जागांपैकी साडेचौदा टक्के आणि शिपाई वर्गात साडेचोवीस टक्के. केंद्राच्या नोकरीसाठी वयातून सैन्यातली वर्षे वजा होतात आणि वर आणखी तीन वर्षांची सूट मिळते. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे नोकरी केलेल्या माजी सैनिकाला ‘क’ गटातल्या पदवी लागणाऱ्या काही जागांसाठीही अर्ज करता येतो.

पण राखीव जागा म्हणजे हातात पडलेली नोकरी नव्हे. लेखी परीक्षा सगळ्यांनाच आहे आणि पंधरा वर्षांनी पुन्हा गणित-इंग्रजी हातात घ्यायचे म्हणजे किमान दोन वर्षांची तयारी हवी. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षात नागरी नोकरीसाठी अर्ज करायला परवानगी मिळते. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रमही याच काळासाठी असतात. रणगाड्याचा यांत्रिक, सिग्नलचा ऑपरेटर, वैद्यकीय सहायक यांच्या हातात कला आहे. तिचा बाहेर चालणारा दाखला आणि वाहनचालकाने नागरी परवाना वर्दीत असतानाच करून घ्यावा. नाही तर पंधरा वर्षे अवघड यंत्रे हाताळलेला माणूस एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बसतो. ते काम कमीपणाचे मुळीच नाही, पण त्याच्या कसबाचे मोल तिथे होत नाही.

पैशाबद्दल एक सावधगिरी. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनीच पुन्हा सुरू होतो. ही रक्कम हातात आली की नातेवाईक, बांधकाम आणि धंद्याचे बेत सगळे एकदम दारात येतात. पहिले वर्षभर तरी त्या पैशाला हात लावू नये. घराची डागडुजी जरूर करावी, पण सगळी रक्कम विटा-सिमेंटात घालू नये.

आता वाचक भगिनींसाठी. नवरा सीमेवर असताना शाळा, दवाखाना, शेतीचा वाद, सासूचे आजारपण हे सारे तुम्हीच निभावले. तो कायमचा घरी आला की आनंद होतोच, पण कुणाचे म्हणणे चालायचे हा प्रश्नही येतो. त्याला हुकूम घ्यायची आणि द्यायची सवय. तुम्हाला स्वतः ठरवायची. पहिली दोन वर्षे दोघांनाही जड जातात हे आधीच मान्य केले, तर भांडणे निम्मी होतील. तुमची स्वतःची नोकरी किंवा शिवणकाम असेल, तर त्याचाही हिशेबात आकडा धरा.

आणि कागदपत्रे पाहा. पलटणीच्या नोंदीत तुमचे नाव, मुलांची नावे आणि जन्मतारखा आधार कार्डाप्रमाणेच आहेत ना? लग्नानंतरचे नाव एका कागदावर आणि माहेरचे दुसऱ्यावर असे असेल, तर ते तो नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर कौटुंबिक पेन्शन आणि दवाखान्याच्या योजनेसाठी विधवांना याच एका अक्षरापायी हेलपाटे घालावे लागतात.

२०२२ पासून अग्निवीर म्हणून गेलेल्या मुलांचा हिशेब निराळा आहे. चार वर्षांनी त्यांच्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच सैन्यात राहतील. बाकीच्यांच्या हाती व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी येईल, पेन्शन नाही. त्या मुलाने पुढचे शिक्षण किंवा कसब पहिल्या वर्षापासूनच धरायला हवे. भरतीचे पेढे वाटताना आई-वडिलांनी हे त्याच्या कानावर घालावे.

राहावे की यावे, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. बढती दिसत असेल, मुलांची शाळा मध्यावर असेल, तर राहावे. हातात कसब असेल, परीक्षेची तयारी झाली असेल, गावी कुणाची तरी वाट पाहणे थांबवायचे असेल, तर यावे. पंधरा पुरी व्हायला दोन वर्षे असतानाच नवरा-बायकोने वही घेऊन बसावे. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला खर्च लिहावा. गरज वाटली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. आणि अर्जावर सही करण्याआधी ती वही एकदा म्हाताऱ्या आई-वडिलांनाही वाचून दाखवावी.